जुनी मोटार आणि दोन खोल्या

मोटार आमच्या दारात आली तेव्हाच ती सहा वर्षांची होती. खोपोलीच्या वीजघरातला एक गोरा इंजिनियर नोकरी संपवून विलायतेला निघाला होता. त्याच्या बायकोला विषमज्वर झाला तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, महिनाभर रोज जाऊन तिला औषधपाणी केलं होतं. ती बरी झाली, आणि जाताना साहेबाने आपली मोटार ह्यांना जवळजवळ भेट म्हणावी इतक्या स्वस्तात देऊन टाकली. तोवर चौक गावातल्या आमच्या दवाखान्यातून हे आजूबाजूच्या गावांना सायकलवर जात, आणि पावसाळ्यात पायी.

काळी, उंच, ताडपत्रीच्या टपाची गाडी होती ती. लाकडी आऱ्यांची चाकं, पुढे पितळी जाळी, आणि चालू करायला समोरून फिरवायचं हँडल. साहेबाने एका दुपारी ह्यांना चालवायला शिकवलं. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. पायाशी तीन पायडलं होती: डावं पुढे जायला, मधलं मागे यायला, उजवं थांबायला. साहेब मोडक्या मराठीत तेच तेच ओरडून सांगत होता आणि हे दर वेळी मधल्यावर पाय देऊन तुळशीवृंदावनाच्या रोखाने मागे येत होते. संध्याकाळपर्यंत तिन्ही पायडलं मला पाठ झाली. ह्यांना व्हायला महिना लागला.

ह्यांचा कान माणसांचा होता. छातीला नळी लावून पोराच्या फुप्फुसात कुठे काय अडलंय ते नेमकं सांगत. पण मोटार धापा टाकायला लागली तरी ह्यांना ऐकू येत नसे. मला येई. हे सकाळी व्हिजिटला निघाले की फाटकातून गाडी बाहेर पडेपर्यंत मी कान देऊन उभी राहायची. एकदा मी म्हटलं, "अहो, आज यंत्राच्या चारांतला एक ठोका चुकतोय." ह्यांनी हसून हात हलवला आणि निघून गेले. दुपारी मोटार बैलांमागे बांधून परत आली. त्या दिवसापासून मोटारीचं दुखणंखुपणं माझ्याकडे आलं.

ह्या कामातला माझा जोडीदार म्हणजे गावातला लोहार. माझ्या वडिलांच्या वयाचा, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात हयात गेलेला. साहेबाने गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक ठेवलं होतं. मी लग्नाआधी पुण्याला इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले होते. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ लावत बसायची. लोहार थोडा वेळ ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बाई, तुमी वाचू नका. चित्र दावा."

चित्र पाहिलं की तो भात्याकडे वळायचा. स्प्रिंगचं पान तुटलं, त्याने नवं ठोकून दिलं. उन्हाळ्यात लाकडी आरे सुकून करकरायला लागले, तेव्हा चाकांना ओली गोणपाटं गुंडाळायची युक्ती त्याचीच. बैलगाडीच्या चाकांना तो हेच करायचा. पावसाळ्यात विजेच्या ठिणगीची लाकडी पेटी दमट व्हायची आणि गाडी हूं की चूं करायची नाही. ती पेटी मी भाकऱ्या झाल्यावर चुलीजवळ ठेवायची, पापड वाळवावेत तशी. पायडल दाबलं की यंत्रातली चाकं आवळून धरणारे पट्टे झिजले तेव्हा खोपोलीला शिळफाट्यावर ह्यांच्या ओळखीच्या शेटजींची भाताची गिरणी होती, तिथला टाकून दिलेला जाड पट्टा आणला आणि कापून बसवला. मुंबईहून मागवलेल्या पट्ट्यांपेक्षा तो जास्त टिकला.

हे शेटजी दर दोन-तीन वर्षांनी मोटार बदलत. माणूस दिलदार होता, पण थट्टा केल्याशिवाय राहत नसे. "वैनी, माझ्या गिरणीच्या चिंध्यांवर तुमची मोटार चालते, आणि मी मात्र दर वेळी नवीन आणतो. शहाणं कोण?" असं म्हणून स्वतःच मोठ्याने हसायचे. त्यांची प्रत्येक नवी गाडी आधीच्यापेक्षा गुळगुळीत आणि बुटकी असे. बटण दाबलं की चालू होई. मला हेवा वाटत नव्हता असं नाही. थंडीच्या सकाळी हँडल मारून मारून खांदा दुखला की त्या बटणाची आठवण यायचीच.

पण माझ्या मनात दुसरंच काही होतं. एका पावसाळ्यात खालापूरकडच्या एका वाडीवरून अडलेली बाई डोलीत घालून आणली होती. दवाखान्यात एकच खोली, तिच्यात बाहेरचे रोगी. शेवटी ओसरीवर माझी दोन लुगडी आडवी बांधली आणि त्या आडोशाला ती बाळंत झाली. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या, वाऱ्याने लुगडं उडत होतं, आणि ती बाई वेणा सोडून पदर सावरत होती. त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "आपण मागच्या परड्यात दोन खोल्या बांधू. फक्त बायकांसाठी. खाटा, उजेड आणि आतून कडी." ह्यांनाही ते पटलं. तेव्हापासून आम्ही त्या खोल्यांसाठी पैसे बाजूला टाकत होतो. वर्षं गेली, आणि हळूहळू पुरेशी शिल्लक पडली.

नेमकं त्याच वर्षी मोटारीने ह्यांना मान खाली घालायला लावली.

कर्जतला एका नातेवाइकांकडे लग्न होतं. मुंबईहून माझे दीर आले होते, शेटजी होते, मामलेदार होते. निघताना सगळे पोचवायला दारात आले आणि आमची गाडी चालू होईना. ह्यांनी हँडल मारलं, मी मारलं. वाजंत्री वाजवायचे थांबून बघायला लागले. शेवटी वऱ्हाडातल्या आठ-दहा जणांनी ढकलत नेली, तेव्हा कुठे रस्त्याच्या वळणावर तिने धुराचा मोठा लोट सोडला आणि ती सुरू झाली. मागून हशा ऐकू आला.

घरी आल्यावर टोपी खुंटीला लावता लावता म्हणाले, "आता पुरे. नवी घ्यायची."

"आणि खोल्या?"

"खोल्या नंतर."

"नंतर म्हणजे कधी? इतके पैसे पुन्हा जमायला आणखी दहा वर्षं जातील."

"अगं, मग मी काय करू सांग. वाडीवर बाई अडली आणि मी वाटेत मोटार ढकलत बसलो, तर तुझ्या खोल्यांत आणणार कोणाला?"

ते हट्टाने बोलत नव्हते, खरं तेच बोलत होते. मी पानं वाढली. जेवण होत आलं तेव्हा म्हटलं, "मला कार्तिक संपेपर्यंत मुदत द्या. आत्ता वैशाख आहे. मी आणि लोहार मिळून ती पूर्ण उघडतो, आतून बाहेरून नीट करतो. त्यानंतर तोवर एकदा जरी वाटेत बंद पडली, तर मी स्वतः नव्या गाडीला हार घालीन."

ह्यांनी पाण्याचा घोट घेतला. "एकदा जरी," ते म्हणाले.

"एकदा जरी."

दुसऱ्या दिवसापासून परड्यातल्या आंब्याखाली आम्ही मोटार उघडायला घेतली. पंधरा दिवस हे पुन्हा सायकलवर फिरले. मी जुनेर कासोटा मारून नेसायची आणि रॉकेलच्या घमेल्यात एकेक भाग धुवायची. आतली काजळी खरवडताना नखं काळी व्हायची ती चार-चार दिवस तशीच राहायची. शेजारणी कुंपणावरून बघायच्या. एक म्हणाली, "गं बाय, डाक्तरीणबाईंनी मोटारीचं बाळंतपणच काढलंय!" लोहाराने शिसं आणि कथील एकत्र वितळवून आतल्या दांड्याला नवे टेकू ओतले आणि ते घासून घासून असे बसवले की दांडा बोटाने फिरावा. मी झडपा घासल्या. बारीक पावडर लावून गोल गोल, गोल गोल, जात्यासारख्या. जुळवणी झाली आणि हँडलला एकच झटका दिला, तशी ती सुरू झाली. लोहाराने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "बोलतीय बघा कशी. आता खोकला नाय."

त्याच महिन्यात मी ती चालवायलाही लागले. परड्यात, मग लोहाराच्या दुकानापर्यंत, मग पहाटे रस्ता मोकळा असताना खालापूरच्या फाट्यापर्यंत. हे शेजारी बसायचे आणि टपाची दांडी घट्ट धरून ठेवायचे.

आषाढ गेला, श्रावण गेला. गाडी बंद पडली नाही. भाद्रपदात एक चाक चिखलात रुतलं, पण यंत्र चालू होतं, तेव्हा ते धरायचं नाही असं ह्यांनीच ठरवलं. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालताना हे थोडे हसलेसुद्धा.

कार्तिक लागला आणि एका सकाळी नवीकोरी निळी गाडी दारात येऊन उभी राहिली. मुंबईच्या एका मोटार कंपनीचा विक्रेता होता. माझ्या दिरांनी त्याला पत्ता देऊन पाठवलं होतं. वागायला सभ्य, बूट चकचकीत. "डॉक्टरसाहेब, घेण्याचं बंधन नाही. नुसतं बसून बघा," असं म्हणत होता. मी चहा टाकला. बशी खाली ठेवते न ठेवते तोच डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीवरचा एक गडी धावत आला. अंगाला घामाच्या धारा. त्याची बायको दोन दिवस अडली होती.

"डाक्तर, चला. सुईण म्हंती पोर आडवं हाय."

ह्यांनी पेटी उचलली. विक्रेता पुढे झाला. "माझ्या गाडीतून चला. तिची परीक्षाही होईल." ह्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. घाई होती, गाडी दारात तयार उभी होती. हे आणि तो गडी आत बसले आणि निळी गाडी आवाजसुद्धा न करता गेली.

मी दवाखान्याच्या टेबलावर धुतलेली चादर घातली, पाणी उकळायला ठेवलं. हात काम करत होते, पण मन त्या गाडीमागे गेलं होतं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं. मला वाटलं, आता सगळं संपलं. ती वेळेवर पोचेल, बाईचा जीव वाचेल, आणि मग मी कुठल्या तोंडाने खोल्या मागू? आणि ती वेळेवर पोचावी असंही तितक्याच मनापासून वाटत होतं.

तासाभराने तोच गडी पुन्हा धावत दारात. "बाई, गाडी अडाकली. पोट टेकलं तिचं. डाक्तर चालत गेलं वर. म्हनलं, बायकोला हितं आनाया पायजे, घरात उजेड नाय, टेबल नाय. तुमची गाडी घिऊन या, असं सांगितलं."

"मला? चालवत?"

"व्हय. बाईलाच सांग म्हनलं."

मी लोहाराला हाक मारली. तो हातातला घण टाकून आला, हँडल मारून गाडी चालू करताच उडी मारून त्या गड्याशेजारी मागे बसला. मी पदर खोचला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

गावातले लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. मला ते नुसते रंग दिसत होते. रस्ता सोडून आम्ही गाडीवाटेला लागलो. भातं कापून झाली होती, खाचरं मोकळी होती, पण पावसाळाभर बैलगाड्या जाऊन जाऊन वाटेत गुडघाभर खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मधे मातीचा उंच वरंबा उभा होता. त्याच वरंब्यावर निळी गाडी पोट टेकवून बसली होती. चारही चाकं जवळजवळ अधांतरी. विक्रेता बूट काढून, विजार वर दुमडून कुदळीने माती उकरत होता. आमची गाडी जुन्या चालीची, उंच. वरंबा तिच्या पोटाखालून सहज गेला. मी खाचरातून वळसा घालून निळ्या गाडीच्या पुढे निघाले तेव्हा त्याने कुदळ खाली ठेवली आणि नुसता बघत राहिला.

वाडीखालचा चढ मात्र वाईट होता. अर्ध्यावर गेलो आणि गाडीने दोन आचके दिले. तिसरा आचका, आणि ती गप्प झाली. वाटेत बंद पडली होती, कार्तिकात, आणि आत्ता.

"बाई, काय झालं?" लोहार म्हणाला.

मी डोळे मिटले आणि आवाज आठवला. हा खोकला नव्हता. ही तहान होती. पेट्रोलची टाकी माझ्याच आसनाखाली. ते आपोआप उताराने पुढे यंत्रात जायचं. टाकीत थोडंच उरलं होतं, आणि गाडीचं तोंड वर झाल्यावर यंत्र टाकीपेक्षा उंच झालं होतं. पेट्रोल चढणार कसं?

"खाली घसरू द्या गाडी," मी म्हटलं. "सपाटीला जाऊन फिरवते. आपण उलटं चढायचं."

"उलटं?"

"शेपूट पुढे. मग टाकी वर आणि यंत्र खाली."

लोहार हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सपाटीवर तोंड फिरवलं, त्याने हँडल मारलं, ती लगेच सुरू झाली. मी मधल्या पायडलावर पाय दाबून धरला आणि मान मागे वळवली. लोहार आणि तो गडी चढावर वरच्या बाजूला, वाट दाखवत पळत होते.

"डावीकडं घ्या बाई! आनखी! धोंडा हाय, धोंडा! आता सरळ! येऊ द्या, येऊ द्या!"

मान दुखत होती, पण गाडीचा ठोका एकसारखा पडत होता, चारांतले चारही. वाडीतली बायकापोरं घराबाहेर आली. मोटार त्यांनी पूर्वी पाहिली होती, पण पाठमोरी डोंगर चढणारी आणि नऊवारीतल्या बाईने हाकलेली पाहिली नव्हती. वरच्या अंगणात मी उजवं पायडल दाबलं आणि थांबले. हे एका झोपडीच्या दारात उभे होते. बाह्या वर सारलेल्या. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "आलीस." मग लगेच, "चला, उचला तिला. हळू."

उतरताना काही अडचण नव्हती. तोंड खाली, म्हणून पेट्रोल आपसूक पुढे येत होतं. मागच्या आसनावर गोधड्या घालून तिला निजवलं, सुईण तिचं डोकं धरून बसली. हे फुटबोर्डावर उभे राहून दर खड्ड्याला "जपून, जपून" म्हणत होते. मी इतकी सावकाश आणि इतकी जपून गाडी पुन्हा कधी चालवली नाही.

दवाखान्यात टेबल तयार होतं. खिडकीतून दुपारचा लख्ख उजेड येत होता. क्लोरोफॉर्मचे थेंब मी टाकले, हे काय करत होते ते न बघता. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक बारीक, चिडका आवाज आला. मुलगी होती. निळसर होती, ह्यांनी उलटी धरून पाठीवर चापटी मारली तशी तांबडी झाली आणि तिने दवाखाना डोक्यावर घेतला. आईही वाचली. बाहेर ओसरीवर तिचा नवरा लोहाराच्या गळ्यात पडून रडत होता.

दिवस मावळायच्या सुमाराला चार बैल लावून निळी गाडी ओढून आणली. विक्रेता ओसरीवर बसला, अंगभर चिखल. मी त्याला पुन्हा चहा दिला. त्याने आमच्या मोटारीची झाकणं उघडून आत पाहिलं, खाली वाकून पाहिलं.

"बाई, हे पट्टे कुठले?"

"भाताच्या गिरणीचे."

तो मोठ्याने हसला. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माझा धंदा गाड्या विकण्याचा आहे, पण खोटं कशाला बोलू? तुमच्या ह्या वाटांना ही गाडी अजून दहा वर्षं पुरेल. फक्त बाईंना विचारून चालवा."

मी प्रामाणिकपणे म्हटलं, "पण चढावर एकदा बंद पडली होती."

"ती बंद नाही पडली," हे म्हणाले. "तिच्यात पेट्रोल भरायला मी विसरलो होतो. तो माझा दोष." ह्यावर त्यांनी अधिक काही बोलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी आणायला परड्यात गेले, तर हे हातात सुतळी घेऊन खुंट्या ठोकत होते. एका खुंटीपासून दुसरीपर्यंत पावलं मोजत होते. "इथे दार," मला बघून म्हणाले, "आणि खिडक्या पूर्वेला. दोन्ही खोल्यांना आतून कडी."

माघात काम सुरू झालं. कौलं आगगाडीने खोपोली स्टेशनात उतरली, ती आमच्याच मोटारीने खेप खेप करून चौकला आणली. मीच चालवत होते. आता दुकानांतून कोणी बाहेर येऊन बघत नसे, उलट वाटेत बायका हात करत, "बाई, पाताळगंगेपातूर सोडता का?" शेटजींनी गिरणीचा पूर्ण पट्टा नवा असतानाच कापून पाठवला, वर चिठ्ठी, "चिंध्या संपल्या, आता अख्खा घ्या."

पावसाच्या आधी खोल्या उभ्या राहिल्या. चुना अजून ओला होता तोच पहिल्या दोघी आल्या, एक खालच्या गावच्या शेतकऱ्याची सून, एक वाडीवरची ठाकरीण. भिंतीला भिंत लागून दोघी एकाच सकाळी बाळंत झाल्या, एकीला मुलगा, एकीला मुलगी. सुनेची सासू इकडून म्हणत होती, "आमचा बघा कसा खणखणीत रडतो," आणि ठाकरणीची आई तिकडून ओरडत होती, "आमची तर भिंतीपल्याड ऐकू येतीय!" मी मधल्या दारात उभी, दोन्ही हातांत गरम पाण्याच्या तपेल्या, आणि हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात अंगणातून ह्यांची हाक आली, "अगं, आवरलं का? गाडी काढ. कर्जतला एक बाई अडलीय."

मी तपेल्या खाली ठेवल्या, हात पुसले आणि बाहेर पडले.